भाडं त्यांचं, जोखीम आपली

माझे वडील देवळ्याला कांद्याचे व्यापारी होते. शेतकरी ओट्यावर येऊन बसला की भावाच्या आधी ते एक प्रश्न विचारायचे, "जागेवर देणार का पोहोच?" जागेवर म्हणजे त्याच्या चाळीतून माल आपण उचलायचा, गोण्या, हमाल, ट्रक, वाटेतला पाऊस, सगळं आपलं. मनमाडला वॅगनमध्ये भरून दिला, तर वॅगनचं दार लागेपर्यंतची काळजी त्याची आणि पुढची आपली. पोहोच म्हणजे घेणाऱ्याच्या गोदामात माल उतरेपर्यंत सगळं देणाऱ्याच्या डोक्यावर. आणखी एक चौथा प्रकार होता. त्यात रेल्वेचं भाडं देणारा भरायचा, पण वाटेत कांदा सडला तर नुकसान घेणाऱ्याचं. वडील बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना माल द्यायचे तो बहुतेक ह्या चौथ्या प्रकारानं. स्वतः मात्र तसा माल त्यांनी कधी घेतला नाही.

परदेशातून माल मागवताना ऑर्डरच्या तळाशी जी दोन-तीन इंग्रजी अक्षरं लिहितात, त्यांचा अर्थ साधारण एवढाच असतो. जागेवरला म्हणतात एक्स-वर्क्स. बोटीवर चढवून द्यायच्या मालाला एफओबी. पोहोचला डिलिव्हर्ड. आणि चौथा प्रकार तो सी अँड एफ. बोटीचं भाडं विकणारा भरणार, कुठली बोट ते तोच ठरवणार, पण माल बोटीवर चढला की जोखीम आपली. पुस्तकात ह्याचं नाव पुढे बदललं, पण नाशिकमध्ये आम्ही सी अँड एफच म्हणत राहिलो.

मी ह्या कामात बावीस वर्षं काढली. वडिलांच्या ओट्यावर जे रोज कानावर पडत होतं ते मला नोकरीत वेळेवर आठवलं नाही, आणि त्याचं नुकसान दुसऱ्यांना सोसावं लागलं. निवृत्त झाल्यावरही ती गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही, म्हणून लिहायला घेतली आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी द्राक्ष बागायतदारांच्या एका संघात आयात-निर्यात विभागात लागले. विभाग म्हणजे पंचवटीतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मी, एक टाइपरायटर आणि पुढे एक फॅक्स मशीन. संघाचे अध्यक्ष दौलतराव. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. ओझरच्या पुढे त्यांची बारा एकर बाग होती. शिक्षण सातवी. परदेशातून आलेलं पत्र मी मराठीत सांगायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. संपलं की एखादाच प्रश्न विचारायचे, पण नेमका तो ज्याचं उत्तर पत्रात नसायचं. मला ते कायम 'निकम मॅडम' म्हणत. वयानं मी त्यांच्या धाकट्या बहिणीएवढी होते.

नाशिकची द्राक्षं परदेशात जातात हे सगळ्यांना माहीत असतं. पण ती पाठवण्यासाठी आधी परदेशातून काही मागवावं लागायचं, हे फार थोड्यांना माहीत असेल. तो एक कागद होता. दोन पदरी, आत गंधकाच्या क्षाराची पूड. पेटी भरली की घडांवर तो अंथरायचा. थंड कंटेनरमध्ये तीन-चार आठवडे त्यातून हळूहळू वायू सुटत राहतो आणि द्राक्षाला बुरशी धरत नाही. शेतकरी त्याला 'पॅड' म्हणायचे. पॅड नसेल तर माल युरोपला पाठवण्यात अर्थच नव्हता, वाटेतच कुजला असता. आमच्या गिऱ्हाइकांना चालतील असे पॅड तेव्हा आम्हाला इथे मिळत नव्हते. दक्षिण आफ्रिकेतल्या एका कारखान्याकडून आम्ही ते घ्यायचो. तिथला द्राक्षाचा हंगाम आपल्याच सुमाराचा. म्हणजे आपल्याला घाई असते नेमकी तेव्हाच त्यांच्या घरच्या शेतकऱ्यांनाही घाई.

पहिल्या वर्षी मी एक्स-वर्क्सनं ऑर्डर दिली, कारण आलेल्या चार दरांत तो दर सगळ्यांत कमी होता. कारखान्यानं कळवलं, माल तयार आहे, घेऊन जा. आता कोण जाणार? कारखान्यापासून डर्बनचं बंदर किती लांब, ट्रक कुणाचा सांगायचा, तिथल्या कस्टमचे कागद कोण करणार, ह्यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. माल अकरा दिवस त्यांच्या आवारात पडून राहिला. शेवटी किरीटभाईंनी तिथला एक एजंट शोधून दिला. किरीटभाई म्हणजे बंदरातून आमचा माल सोडवणारे मुंबईचे क्लिअरिंग एजंट. त्या वर्षी पॅड हंगामाच्या तोंडावर कसेबसे पोचले. ते पंधरा दिवस मी जेवताना ताटावरून उठून फोनकडे जायची. आमचे मिस्टर शेवटी फोनच उचलून स्वयंपाकघरात आणून ठेवायचे.

पुढच्या वर्षी किरीटभाईंनी मला आधीच बजावलं, एफओबी घ्या. हंगामाच्या मालाला बोट आपल्या हातातली पाहिजे. ती कुठे थांबते, कधी पोचते, हे आपण बघून ठरवायचं. मला वाटलं, ह्यांच्या ओळखीच्या बोट कंपनीला धंदा मिळावा म्हणून सांगताहेत. त्यांना त्यातून थोडंफार मिळत होतं, हे नंतर त्यांनी स्वतःच हसत कबूल केलं. पण सल्ला बरोबर होता. मी मात्र आदल्या वर्षीच्या धावपळीला इतकी कंटाळले होते की मला सगळं आयतं हवं होतं. कारखान्यानं भाड्यासकट एकच दर दिला आणि मी सी अँड एफ न्हावा शेवा असं टाइप केलं. किरीटभाईंनी निदान एक अट घालायला लावली. माल थेट बोटीनं यावा, वाटेत बोट बदलू नये. ती अट टाकली, अण्णांची सही घेतली. संघाचा नियम होता की ऑर्डरमध्ये काहीही बदल करायचा तर अण्णांची सही लागेल.

जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी कारखान्याच्या पीटर नावाच्या मॅनेजरचा फॅक्स आला. थेट बोटीला अजून नऊ दिवस आहेत. कोलंबोमार्गे जाणारी बोट सोमवारी सुटते, तिनं माल लवकर पोचेल. संमती आजच द्या, नाहीतर बोटीवरची जागा जाईल.

अण्णा येवल्याकडे नात्यातल्या लग्नाला गेले होते. मोबाइल तेव्हा नव्हते. मी जागेवरून उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. कॅलेंडरवर बोटानं दिवस मोजले. कारखान्याला दोनदा फोन लावला, पीटर जागेवर नव्हता. आदल्या वर्षीचे अकरा दिवस डोळ्यांसमोर होते. नऊ दिवस नुसतं बसून राहायचं, हे मला सोसवेना. मी त्याच फॅक्सवर 'मान्य' असं लिहिलं, खाली सही केली आणि कागद मशीनमध्ये सरकवला.

सोमवारी अण्णांना सांगायचं ठरवलं होतं. सोमवारी ते आले, पॅकहाउसच्या, म्हणजे द्राक्षं पेट्यांत भरायच्या शेडच्या, वीज कनेक्शनबद्दल तासभर बोलले आणि गेले. मंगळवारी बोट सुटल्याचा निरोप आला. मला वाटलं, आता सांगायचं कारणच उरलं नाही. माल वेळेच्या आधी येतोय.

ठरल्या दिवशी न्हावा शेवाला बोट लागली. किरीटभाईंचा फोन आला की तिच्यात आपला कंटेनर नाही.

बोट बदलणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी खरं समजलं. डर्बनहून निघालेल्या मोठ्या बोटीनं आमचा कंटेनर कोलंबोच्या धक्क्यावर उतरवून ठेवला होता. तिथून दुसऱ्या बोटीनं तो आपल्याकडे यायचा. ती दुसरी बोट भरलेली होती. जास्त भाडं देणाऱ्यांचे कंटेनर तिच्यावर आधी चढले आणि आमच्या कारखान्यानं तर सगळ्यांत स्वस्त भाडं शोधलेलं. बोट कंपनीनं कळवलं की चार दिवसांनी पुढची बोट आहे.

त्याच दिवशी सिंधूबाई ऑफिसात आल्या. दिंडोरीकडची त्यांची बाग. नवरा एसटीत कंडक्टर, सदा ड्यूटीवर. छाटणीपासून तोडणीपर्यंत सगळी बाग बाईच बघायच्या. त्यांचा प्लॉट दरवर्षी संघात सगळ्यांच्या आधी तयार व्हायचा. त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक घड माझ्या टेबलावर ठेवला. हिरवागार, मणी एकसारखे, अगदी युरोपवाल्यांना हवा तसा. तो आणखी पिकला की पिवळसर पडतो आणि मग तिकडचं गिऱ्हाईक तो घेत नाही, हे मलाही माहीत होतं. मी त्यांना बोट कंपनीचा निरोप वाचून दाखवू लागले. त्यांनी थांबवलं.

"कागदात काय लिवलंय ते ऱ्हाऊ द्या ताई. मी तोडू का थांबू, तेवढं सांगा. दिल्लीचा व्यापारी उद्या गाडी लावायला तयार हाय."

व्यापाऱ्याचा भाव वाईट नव्हता. निर्यातीचा भाव त्याहून पुष्कळ चांगला होता. चार दिवसांचाच प्रश्न होता. मी म्हणाले, थांबा.

पाचव्या दिवशी कळलं की त्या बोटीवरही आमचा कंटेनर चढला नाही.

मी पीटरला कडक भाषेत फॅक्स केला. त्याचं उत्तर तासाभरात आलं, अतिशय सभ्य. माल चांगल्या स्थितीत डर्बनला बोटीवर चढवला आहे, आमची जबाबदारी तिथे संपते. पुढचं बोट कंपनीशी बोलावं. मार्ग बदलायला आपली लेखी संमती होती, प्रत सोबत जोडली आहे. मशीनमधून दुसरा कागद हळूहळू बाहेर आला. त्यावर माझी सही होती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच अण्णा आणि मी त्यांच्या जीपनं मुंबईला बोट कंपनीच्या ऑफिसात गेलो. कंटेनर कोलंबोला अडकलाय एवढंच मी अण्णांना सांगितलं होतं, संमतीचा तो कागद माझ्या पर्समध्ये होता. घाट उतरताना दोनदा सांगायला तोंड उघडलं आणि दोनदा रस्त्याबद्दल काहीतरी बोलले. ऑफिसातले साहेब शांत होते, त्यांनी चहा मागवला. इंग्रजीत म्हणाले, हे बुकिंग तुमचं नाही, तुमच्या पुरवठादाराचं आहे. भाडं त्यांनी भरलं, करार त्यांच्याशी. कुठला कंटेनर कुठल्या बोटीवर चढवायचा हे आम्ही तुमच्या सांगण्यावरून कसं ठरवणार? त्यांना सांगा, ते आम्हाला लिहितील. मी म्हटलं, ते म्हणतात तुम्हाला विचारा. साहेबांनी खांदे उडवले.

अण्णांनी मला विचारलं, काय म्हणतात. मी सांगितलं. ते थेट साहेबांनाच मराठीत म्हणाले, "मग तो डबा हाय तरी कुणाचा?"

साहेब मुंबईचेच होते, त्यांना मराठी समजत होतं. ते म्हणाले, "माल तुमचाच आहे, अण्णासाहेब. पण बोट तुमची नाही."

तिथून आम्ही किरीटभाईंकडे गेलो. 'मी सांगितलं होतं' असा एक शब्दही ते बोलले नाहीत. त्यांनी वही ओढली आणि विमानाचा हिशेब मांडला. पहिल्या दहा-बारा दिवसांपुरते पॅड विमानानं मागवायचे, माल कारखान्यातून उचलायला तिथला एजंट आपला, विमान आपण ठरवलेलं, पीटरनं फक्त माल तयार ठेवायचा. सहा-सात दिवस लागतील. खर्च मोठा होता, पण अण्णांनी मान डोलावली.

परतताना दुपारी घोटीला चहाला थांबलो. ड्रायव्हर जीपचं पाणी बघायला गेला. मी पर्स उघडून तो कागद अण्णांच्या पुढ्यात ठेवला आणि सगळं सांगितलं. शनिवार, फॅक्स, सही, सोमवारी न सांगणं.

त्यांनी विचारलं, संमती दिली नसती तर काय झालं असतं. मी म्हटलं, माल आठवडाभर उशिरा निघाला असता पण थेट आला असता. एव्हाना न्हावा शेवाला लागला असता. सिंधूबाईंची तोडणी सुरू झाली असती.

अण्णांनी बशीतला चहा संपवला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. विचारलं, "आणखी कुणाला ठावं हाय?"

"कुणालाच नाही."

"मग नका सांगू. उद्या मीटिंगीत तुमचं नाव आलं तर लोक तुम्हाला आजच्या आज काढा म्हणतील. आणि हे विमानाचं कोण करणार? मला इंग्रजी येत नाय, किरीटभाई मुंबईत. हंगाम होईस्तोवर मला तुम्ही पायजे. पुढचं पुढं बघू."

ह्यात मोठेपणाचा आव नव्हता. ते हिशेबी माणसासारखं बोलत होते आणि हिशेब बरोबरही होता. मी कागद परत पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅकहाउसवर मीटिंग झाली. चाळीसेक बागायतदार रिकाम्या पेट्यांच्या थप्पीवर, पायरीवर, जमेल तिथे बसलेले. विमानाची योजना मी समजावून सांगितली. ज्यांचे प्लॉट आठ-दहा दिवसांनी तयार होणार होते, त्यांचे चेहरे सैल झाले. सिंधूबाई मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, थेट बोटीची अट होती असं आम्हाला गेल्या मीटिंगीत सांगितलं होतं, मग बदलली कुणी?

फाइल माझ्या मांडीवर होती.

"मी," अण्णा म्हणाले. "लवकर येईल वाटलं म्हणून हो म्हटलं. चुकलं माझं."

सिंधूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांचं आणि अण्णांचं घरचं जाणं-येणं होतं. अण्णांच्या पत्नी, कमलवहिनी, त्यांना बहिणीसारख्या. सिंधूबाई एवढंच म्हणाल्या, "माझा प्लॉट पयला येतो, हे तुम्हाला ठावं होतं अण्णा." आणि चालू लागल्या.

मी उभी राहून बोलायला हवं होतं. उभी राहिले नाही. फाइलीची दोरी सोडून पुन्हा बांधत बसले.

पुढचे सात दिवस मी एका जागी दहा मिनिटंही टेकले नाही. ह्या वेळी एकही गोष्ट गृहीत धरली नाही. कारखान्यातून ट्रक किती वाजता निघाला, विमानतळावर पेट्या कुणी मोजल्या, विमान वाटेत कुठे उतरतं आणि तिथे माल उतरवतात का, सगळं विचारून घेतलं. पीटर वैतागला असेल. सातव्या दिवशी माल मुंबईत सहार विमानतळावर उतरला, किरीटभाईंनी दुपारपर्यंत सोडवला. टेम्पो निघाल्याचा फोन आल्यावर मला ऑफिसात थांबवेना. मी नाशिकहून पुढे जाऊन हायवेवर उभी राहिले, जणू मी उभी राहिल्यानं तो लवकर येणार होता. टेम्पो आला, तशीच त्याच्या मागे पॅकहाउसला गेले. बायका हात धुऊन तयार होत्या. पहिली पेटी भरून तिच्यावर पॅड अंथरला गेला तेव्हा सगळे मोकळं हसले. मीही हसले.

त्या वर्षी संघाचे सगळे कंटेनर गेले, सिंधूबाईंचा सोडून. त्यांचा माल पिवळा पडला, मणी देठापासून सुटायला लागले, दिल्लीचा व्यापारीही फिरकला नाही. शेवटी बेदाण्याला दिला. वर्षभराची मेहनत मातीमोल भावानं गेली. कोलंबोचा कंटेनर जवळजवळ चार आठवडे उशिरा आला. मी त्याचा विमा उतरवला होता. विमा कंपनीनं कळवलं की माल भिजला, बुडाला, चोरीला गेला तर भरपाई मिळते, उशीर झाल्याची मिळत नाही. हेही मला तेव्हाच कळलं.

हंगाम संपल्यावर मी अण्णांच्या घरी गेले. म्हटलं, आता मी सिंधूबाईंना सांगते. अण्णा बागेत पाण्याच्या नळ्या तपासत होते. वर न बघताच म्हणाले की सांगून तिची द्राक्षं परत येणार नाहीत. अध्यक्षावर राग धरला तर चालतो, नोकरमाणसावर धरला तर त्याची नोकरी जाते. धरू दे तिला माझ्यावर.

मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

सिंधूबाईंनी संघ सोडला, दुसऱ्या निर्यातदाराकडे माल द्यायला लागल्या. अण्णांच्या मुलीच्या लग्नाला त्या आल्या नाहीत. बाजारात अण्णा समोरून आले तर त्या रस्ता ओलांडून जायच्या, असं लोक सांगायचे. मी ऐकून घ्यायची.

त्यानंतर मात्र पॅड कायम एफओबीनं मागवले. बोट मी निवडायची. बोटींच्या वेळापत्रकाचे कागद भिंतीवर चिकटवलेले असायचे, कुठली बोट कुठे थांबते हे मला तोंडपाठ झालं. त्या हंगामानंतर संघात कुणाचाही घड माझ्या कागदासाठी वेलीवर थांबला नाही. हे मी अभिमानानं सांगते, कारण ते खरं आहे.

दोन हजार सालानंतर नाशिकला वाइनचे कारखाने निघू लागले, तेव्हा लोक मला बाहेरूनही सल्ला विचारायला यायचे. एक हौशी कारखानदार आले. फ्रान्सहून लाकडी पिंपं मागवलेली. मोठ्या खुशीत म्हणाले, मॅडम, आपण डोक्याला ताप ठेवलाच नाही, दारात पोहोच, कस्टमची ड्यूटीसुद्धा त्यांच्याकडे. मी विचारलं, फ्रान्समधला माणूस आपल्या कस्टममध्ये आयातदार म्हणून कागद कुठल्या नोंदणीवर भरणार? हे त्यांनी कुणाला विचारलंच नव्हतं. पिंपं बंदरात दीड महिना बसली. शेवटी ड्यूटी ह्यांनीच भरली आणि बंदराचं जागाभाडं वर. मला भेटले की अजून म्हणतात, तुम्ही आधी का नाही भेटलात. सगळं समोरच्यावर टाकून मोकळं व्हावंसं वाटतं तेव्हाच माणूस फसतो, असं मी त्यांना सांगायची. कुणाच्या अनुभवावरून सांगते, ते सांगायची नाही.

पुढे कॉम्प्युटर आले. कंटेनरचा नंबर टाकला की तो कुठे आहे ते दिसायला लागलं. नवीन लागलेल्या मुली एकदा बघायच्या आणि दुसऱ्या कामाला लागायच्या. मी दिवसातून दहा वेळा बघायची.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी अण्णा हृदयविकारानं गेले. अंत्ययात्रेला सगळा तालुका होता. सिंधूबाई दिसल्या नाहीत. मी गर्दीत मान वळवून वळवून त्यांना शोधत होते.

निवृत्तीनंतर सगळे म्हणाले, आता आराम करा. मला घरात बसवेना. दोन महिन्यांनी एका सकाळी मी दिंडोरीची बस धरली. सिंधूबाईंचं आता नवीन घर झालं होतं, बागही वाढली होती. नवरा निवृत्त होऊन पडवीत बसलेला. त्या शेडमध्ये घड निवडत होत्या. हात थांबवला नाही, पण सुनेला चहा टाकायला सांगितला. मी चहा यायची वाट बघितली नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सही माझी होती. थांबा मी म्हटलं. अण्णांना घोटीला पोचेपर्यंत काहीच माहीत नव्हतं.

त्यांच्या हातातली कात्री थांबली. मी म्हटलं, तुमचं त्या वर्षीचं नुकसान माझ्यामुळे झालं, मला माफ करा.

"द्राक्षाचं काय धरून बसता ताई," त्या म्हणाल्या. "एक साल गेलं, दुसरं आलं." चहा आला, निवला. "मी अण्णांच्या मातीला गेले नाय," त्या म्हणाल्या. "तेव्हाच सांगायचं होतं तुम्ही."

त्या उठून घरात गेल्या. मला वाटलं, आता येणार नाहीत. दहा मिनिटांनी लुगडं बदलून बाहेर आल्या आणि मुलाला म्हणाल्या, गाडी काढ, ओझरला जायचंय. मला म्हणाल्या, "तुम्ही पण चला."

गाडी अण्णांच्या दारात थांबली.

कमलवहिनी ओसरीवर कॉटवर बसल्या होत्या. सिंधूबाईंना बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. सिंधूबाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. म्हणाल्या, "वहिनी, मला ठावं नव्हतं."

"मला होतं," वहिनी म्हणाल्या. "मीटिंगीच्याच रात्री त्यांनी मला सांगितलं होतं. मी म्हटलं, मी जाते सिंधूकडं, सांगते तिला. तर नको म्हणाले." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. आवाज चढला नव्हता. "म्हणाले, ते मॅडमनं सांगायचंय. आज ना उद्या सांगतील त्या. तोंडानं तुम्हाला नको म्हणाले, तरी लय वर्षं वाट बघितली त्यांनी."

सिंधूबाईंनी वहिनींचा हात हातात घेतला. दोघी एकमेकींकडे न बघता रडायला लागल्या. मी खांबाजवळ उभी होते. मला कुणी बस म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. थोड्या वेळानं वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, तुमच्या तोंडून मला ऐकायचंय.

मी जमिनीवर बसले आणि त्या शनिवारपासून सगळं सांगितलं.